'नॉलेज' आणि 'पोझ्नान्ये' : प्रतिशब्द व संकल्पना

ज्ञानमीमांसेची परिभाषा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना प्रतिशब्द मिळाला म्हणजे संकल्पनाही मिळाली, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. इंग्रजी व पोलिश या भाषांतील ज्ञानवाचक शब्द शेजारी ठेवून पाहिले असता या गृहीतकाची मर्यादा स्पष्ट होते. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कोशरचनेचा नाही. साहित्यकृती कशी कळते याविषयीची रोमान इन्गार्डेन (१८९३–१९७०) यांची उपपत्ती पोलिश आणि जर्मन भाषांत घडली, आणि या भाषा न जाणणाऱ्या अभ्यासकांपर्यंत ती मुख्यतः इंग्रजीमार्गे पोहोचली. त्या प्रवासात तिच्या केंद्रवर्ती संज्ञेचे काय झाले, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

एखादी गोष्ट खरी आहे हे माहीत असणे आणि एखाद्या व्यक्तीची ओळख असणे या दोहोंसाठी इंग्रजीत 'नो' हे एकच क्रियापद चालते. 'कसे' या अर्थाचा शब्द जोडला की कौशल्य अवगत असणेही त्यातच सामावते. पोलिशमध्ये येथे तीन क्रियापदे आहेत. 'व्येजेच्' या क्रियापदापुढे सामान्यतः गौण वाक्य येते. 'झ्नाच्' हे व्यक्ती, शहर, ग्रंथ असे थेट कर्म घेते. 'उम्येच्' पोहणे, वाचणे यांसारख्या क्रियांशी जोडले जाते. एखादी कविता कोणाची आहे हे कळलेले असणे हा 'व्येजेच्'चा विषय. ती कविता परिचयाची असणे हा 'झ्नाच्'चा. ती तोंडपाठ म्हणता येणे हे 'उम्येच्'च्या कक्षेत येऊ शकते. मराठी वाचकाला ही विभागणी परकी वाटू नये. कविता कोणाची हे त्याला 'माहीत असते', कवितेशी त्याचा 'परिचय असतो' आणि कविता त्याला 'येते'. 'व्येजेच्' हे संस्कृत 'विद्' धातूचे, तर 'झ्नाच्' हे 'ज्ञा' धातूचे सगोत्र आहे. इंग्रजी 'नो' हेही 'ज्ञा'च्याच कुळातले. 'विद्'शी नाते सांगणारे जुने क्रियापद मात्र इंग्रजीत मागे पडले आणि 'वाइज', 'विटनेस' अशा शब्दांतून त्याच्या खुणा तेवढ्या उरल्या.

इंग्रजी तत्त्वज्ञानाने या एका क्रियापदाखालील भेद विश्लेषणाने वेगळे केले. बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ च्या ग्रंथात परिचयात्मक ज्ञान वेगळे काढताना फ्रेंच व जर्मन क्रियापदांच्या जोड्यांचा आधार घेतला. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये 'कसे' आणि 'की' यांचे ज्ञान परस्परांपासून अलग केले. एडमंड गेटिए यांच्या १९६३ च्या प्रसिद्ध निबंधातील 'ज्ञान' हे तर सर्वस्वी विधानाचे ज्ञान आहे. पोलिशमध्ये ते केवळ 'व्येजेच्'चे क्षेत्र होय. मात्र पोलिशमध्ये या शास्त्राचे रूढ नाव 'तेओर्या पोझ्नान्या' असे आहे. त्यातील 'पोझ्नान्ये' हे भाववाचक नाम 'व्येजेच्'पासून नव्हे, तर 'झ्नाच्'ला उपसर्ग लागून बनलेल्या 'पोझ्नाच्'पासून आलेले आहे; आणि 'पोझ्नाच्' म्हणजे ओळख होणे, प्रथम परिचय घडणे, ओळखू येणे. संचित ज्ञानासाठी 'व्येद्झा' हा निराळा शब्द आहेच. तादेउश कोतार्बिन्स्की यांच्या १९२९ च्या ग्रंथाच्या शीर्षकात 'पोझ्नान्ये' होते. १९६६ च्या इंग्रजी अनुवादाच्या मुख्य शीर्षकासाठी 'नोसिऑलॉजी' हा ग्रीक घडणीचा शब्द योजला गेला आणि 'नॉलेज' उपशीर्षकात आले.

इन्गार्डेन यांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. ल्वूफ येथे १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात 'पोझ्नान्ये' नसून 'पोझ्नावान्ये' आहे. स्लाव्ह भाषांतील क्रियापदे क्रियेची पूर्णता व अपूर्णता रूपानेच दर्शवितात. 'पोझ्नान्ये' पूर्णतावाचक क्रियापदापासून आलेले, तर 'पोझ्नावान्ये' अपूर्णतावाचक क्रियापदापासून. म्हणजे कळणे नव्हे, कळत जाणे. ग्रंथातील प्रतिपादन या रूपाशी पूर्णतः सुसंगत आहे. साहित्यकृती वाचनाच्या कोणत्याही एका क्षणी समग्रपणे समोर नसते; वाचलेला भाग मागे सरत असतो, पुढचा अद्याप यावयाचा असतो; कृतीतील अनिश्चित जागा वाचक भरत जातो आणि त्यातून तिचे मूर्तीकरण घडते. १९७३ च्या इंग्रजी अनुवादातील 'कॉग्निशन' या संज्ञेत ओळखीचा अर्थ उरत नाही आणि अपूर्णतेची खूणही उरत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. इंग्रजी अनुवाद १९६८ च्या विस्तारित जर्मन आवृत्तीवरून झाला. त्या आवृत्तीच्या शीर्षकात 'एर्केनेन' आहे, आणि जर्मनमध्येही पूर्णतेची अशी व्याकरणिक खूण नाही. शिवाय वाचनाच्या कालिकतेचा सिद्धान्त इन्गार्डेन यांनी विश्लेषणाने सिद्ध केला. व्याकरणाने तो त्यांना बहाल केलेला नाही. हे मान्य केले तरी एक गोष्ट शिल्लक राहते. व्याकरण सिद्धान्त निर्माण करीत नसले, तरी त्याच्या विशिष्ट विपर्यासाला ते आडकाठी करू शकते. 'साहित्यकृतीचे ज्ञान' म्हणजे तिच्याविषयीच्या सत्य विधानांचा साठा, हा समज 'पोझ्नावान्ये' या शब्दाच्या सान्निध्यात सहजासहजी रुजत नाही. साहित्याभ्यासाला पोलिशमध्ये जे 'लितेरातुरोझ्नाफ्स्त्वो' म्हणतात, त्याच्या पोटातही 'झ्नाच्'च आहे, ही बाबही येथे लक्षात घ्यावयास हवी.

इंग्रजीतून इन्गार्डेन वाचणाऱ्या मराठी अभ्यासकापुढे त्यामुळे खरी निवड उभी राहते. 'ज्ञान' हा शब्द योजला तर विधानांचा साठाच डोळ्यांसमोर येतो. 'संज्ञान' मानसशास्त्राकडे नेते. 'आकलन' जवळचे असले तरी ते क्रियेइतकेच तिच्या फलालाही लागू पडते. 'ओळख' मुळाशी इमान राखते, परंतु 'पुस्तकाची ओळख' या रूढ प्रयोगामुळे ती तोंडओळखीपुरती संकोचण्याचा धोका आहे. 'कृतीची ओळख होत जाणे' ही शब्दयोजना पारिभाषिक संज्ञेइतकी आटोपशीर नाही. पण क्रियेची अपूर्णता दाखविणारे 'होत जाणे' मराठीत सहज उपलब्ध आहे. इंग्रजी संज्ञेचा प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा मराठीच्या या सामर्थ्याचा उपयोग करून घेणे इन्गार्डेन यांच्या प्रतिपादनाला अधिक न्याय देणारे ठरेल.