खाडीची चिकणमाती आणि ‘एन’ अंकाची मर्यादा

१९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन ठाणे खाडीच्या पूर्वेस नव्या शहराची आखणी सुरू झाली, तेव्हापासून अभियंत्यांची गाठ तेथील मऊ सागरी चिकणमातीशी पडली आहे. उंच इमारतींचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. त्यांचे पाइल चिखल भेदून खालच्या खडकावर टेकविता येतात. (खचणारी माती पाइलला खाली ओढते, हा भाग निराळा.) खरी कसोटी भरावाची व रस्त्याची असते, कारण त्यांचा भार मातीलाच पेलावा लागतो.

अशा मातीचे सामर्थ्य प्रमाणित भेदन चाचणीवरून ठरविण्याची प्रथा मात्र सदोष आहे. ६३.५ किलोग्रॅमचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडून ३० सेंटिमीटर भेदनास लागणारे ठोके मोजावयाचे, हा ‘एन’ अंक. तर्झागी व पेक यांच्या १९४८ च्या ग्रंथातील सारणीत २ हून कमी ठोक्यांची माती ‘अतिमऊ’ ठरते. तिचे कर्तनसामर्थ्य सुमारे १२.५ किलोपास्कलच्या आत. परंतु आतील म्हणजे किती? दोन मीटर भरावाचा भार सुमारे ३६ किलोपास्कल. सामर्थ्य ६ असेल तर माती ३१ पर्यंतच भार पेलील आणि भराव ढासळेल. १२ असेल तर ६२ पर्यंत पेलील. दोन्ही ठिकाणी अंक एकच! वस्तुतः या संबंधातील विखुरणी फार मोठी असल्याचा इशारा ग्रंथकारांनी स्वतःच दिला होता. सारणी उतरली, इशारा मागे राहिला.

जागेवर चार पात्यांचे व्हेन यंत्र मिनिटास ६ अंश या गतीने फिरविणे निःसंशय श्रेयस्कर, कारण नमुना काढताना होणारी मोडतोड त्यात टळते. तथापि तेही वाचन जसेच्या तसे घेता येत नाही. प्रत्यक्ष ढासळलेल्या भरावांचा पडताळा घेऊन ब्येरूम यांनी १९७२ मध्ये गुणक सुचविला. आकार्यता निर्देशांक २० असता तो १ च्या जवळ, ८० असता ०.७ च्याही खाली येतो. म्हणजे वरील १२ चे ८ होतात, पेलण्याची मर्यादा ४१ वर उतरते आणि ३६ च्या भाराला जेमतेम जागा उरते.

शिवाय न्हावा-शेवा परिसराप्रमाणे निचरापट्ट्या घालून टप्प्याटप्प्याने भराव टाकल्यास पाणी निघून मातीचे सामर्थ्य वाढत जाते. भरावापूर्वीचा आकडा दुसऱ्या टप्प्यास लागू पडत नाही. त्याच जागी व्हेन पुन्हा उतरवावे लागते.