गोधडी : माया आणि कारागिरी

मराठी वाङ्मयात गोधडीचे भाग्य मोठे विचित्र आहे. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. तिच्याकडे पाहिले मात्र फार थोड्यांनी. ललित निबंधात, कवितेत, आत्मचरित्राच्या पहिल्या प्रकरणात ती हटकून येते, आणि आली की आजीची माया, आईची ऊब, बालपणीचे दारिद्र्य यांपैकी एखादे ओझे तिच्यावर चढलेच म्हणून समजावे. टाके किती जवळ होते, कड कशी दुमडली होती, आतले कापड वर्षानुवर्षे जागच्या जागी कसे राहिले, याविषयी हे लेखक मौन पाळतात. प्रतीक हाती आले की वस्तू हातची जाते.

ही केवळ वाङ्मयीन उणीव असती तर तिची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु तिचा परिणाम व्यवहारात दिसतो. जे मायेने केले त्याची मजुरी कोणी मागत नाही, आणि कोणी देतही नाही. गोधडीला आपण ‘माया’ म्हणून गौरविले, त्याच क्षणी ती शिवणारीला कारागिरांच्या पंक्तीतून उठविले. म्हणून गोधडीची टीका करावयाची ती प्रथम कारागिरीची करावी, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

प्रथम नावांचा विचार करू. गोधडी, वाकळ, चौघडी, बाळाचे दुपटे अशी तिची रूपे महाराष्ट्रात प्रदेशपरत्वे आणि कामापरत्वे बदलतात. आम्ही रायपूरकर मराठी मंडळी मात्र आणखी एका शब्दाचे धनी आहोत. छत्तीसगढीत तिला ‘कथरी’ म्हणतात. संस्कृत ‘कंथे’शी या शब्दाचे नाते उघड आहे, आणि बंगालची ‘कांथा’ही त्याच कुळातली. कथरी पांघरून तूप खाणाऱ्या माणसाची छत्तीसगढी म्हण तर प्रसिद्धच आहे : बाहेरून दरिद्री दिसावे आणि आतून चैन करावी! म्हणजे कथरी ही गरिबीची खूण, हे लोकमानसाने गृहीतच धरले आहे. आपल्याकडेही निराळे नाही. गाडगे महाराजांना (1876–1956) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणून ओळखू लागले ते अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे. श्रीमंतीच्या दिमाखाला त्या वस्त्राने दिलेले उत्तर लोकांना बरोबर कळले. पण पाहुणे आले की घरोघर गोधड्या आतल्या खोलीत आणि रजया बाहेर, ही रीत त्यामुळे बदलली नाही.

आता वस्तूकडे वळू. गोधडीची रचना वाटते तितकी भाबडी नाही. जुन्या लुगड्याची दोन पदरे वरखाली, आणि मध्ये धोतरे, सदरे, परकर यांचे तुकडे. त्या तुकड्यांच्या शिवणी, गुंड्या, हूक आधी काढून टाकावे लागतात. नाहीतर अंगाला रुततात. कापड जुनेच का घ्यावयाचे? काटकसर हे एक कारण झाले. दुसरे असे की, अनेकदा धुतलेले सुती कापड आटावयाचे तेवढे आटून गेलेले असते. कोरे कापड त्यात मिसळले की पहिल्याच धुण्यात ते आखडते आणि सबंध गोधडीला चुण्या पडतात. थर जमिनीवर अंथरून आधी मोठे कच्चे टाके घालावयाचे, मग कडेने धावदोरा सुरू करून चौकटीमागून चौकट आत आत न्यावयाची. दोन ओळींतील अंतर वाढले तर आतले तुकडे सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात; फारच कमी झाले तर गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ बनते. ऊब येते ती थरांमध्ये कोंडलेल्या हवेने. टाका त्या हवेला जागा ठेवतो आणि कापडाला जागेवर ठेवतो; या दोहोंचा मेळ घालणे हेच शिवणारीचे शास्त्र.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीची संगती लावून दाखविली. ती कसोटी गोधडीला लावून पाहण्यासारखी आहे. हिरव्या लुगड्याशेजारी पडलेला तांबडा खणाचा तुकडा हा विरोध. तोच तांबडा दूरच्या कोपऱ्यात पुन्हा उमटतो तो संवाद. आणि चारही बाजूंनी आत येणाऱ्या टाक्यांच्या चौकटी हा या सर्वांना सांभाळणारा समतोल. घरात जे जुनेर निघाले त्यातूनच ही योजना करावयाची असते. दुकानात जाऊन हवा तो रंग आणण्याची सोय नसते. वृत्ताच्या बंधनात लिहिणाऱ्या कवीची आपण वाखाणणी करतो. मग हे बंधन काय कमी प्रतीचे आहे?

तथापि ही कसोटी येथे पुरी पडत नाही. चित्र भिंतीवर टांगले की त्याचे काम संपले. गोधडी मात्र धुतली जाते, पिळली जाते, तिच्यावर लहान मूल लोळते. तिचे सौंदर्य वापरातून सिद्ध व्हावे लागते. म्हणून तिची खरी परीक्षा पृष्ठभागावरील रंगात नसून शेवटच्या कामात, म्हणजे कडेत, कोपऱ्यात आणि गाठीत आहे. झिजण्यास आरंभ होतो तो कडेपासून. तेथे वेगळा गोट लावला आहे, की वरचेच कापड नुसते दुमडून भागविले आहे? दोऱ्याची गाठ थरांत लपविली आहे, की उघडी सोडली आहे? उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपल्या ‘कवंदी’च्या चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावतात, आणि फुलांवाचून कवंदी त्यांना उघडीवाघडी वाटते. शेवट म्हणजे उरलेले काम नव्हे, ही जाणीव त्या फुलांत आहे.

बंगालला या बाबतीत आपल्यापेक्षा चांगले टीकाकार लाभले. गुरुसदय दत्तांनी (1882–1941) कांथा गोळा केल्या. स्टेला क्रामरिश यांनी 1939 साली त्यांच्यावर स्वतंत्र अभ्यासलेख लिहिला. कांथेवर फुले, हत्ती, रथ भरलेले असतात, तेव्हा तिच्याकडे चित्र म्हणून पाहणे सोपे गेले, हे खरे. आपली गोधडी बहुधा भरतकामावाचूनची. तिच्यात टाका हाच आकृती आणि टाका हाच आधार. जिच्यात अलंकार नाही तिची टीका करणे अवघड असते. म्हणून ती करूच नये असे मात्र ठरत नाही.

हा प्रश्न आज उभा राहण्याचे कारण म्हणजे गोधडी आता बाजारात आली आहे. आईच्या किंवा आजीच्या साड्या नेऊन द्याव्यात आणि त्यांची गोधडी शिवून आणावी, असा एक लहानसा व्यवसाय उदयास आला आहे. कोणी तो छंद म्हणून करते, कोणी संसाराला हातभार म्हणून. बोहारणीच्या पाटीत जाणारे लुगडे घरातच राहते, ही समाधानाची गोष्ट. पण दोन धोके येथे स्पष्ट दिसतात. पहिला कापडाचा : कृत्रिम धाग्याची साडी दिसावयास झकास, परंतु घाम टिपत नाही आणि टाक्याखाली निसटते. दुसरा यंत्राचा. यंत्राची टीप मजबूत असते हे मान्यच केले पाहिजे. पण जाड थरांवरून ती चालताना वरचे कापड पुढे ढकलले जाते आणि चुण्या येतात. काम चांगले असेल तर यंत्राची गोधडीही चांगलीच. मात्र तिला हातची म्हणून विकणे ही लबाडी होय.

बाजारात गेलेल्या कलेचे काय होते, याचा एक धडा अमेरिकेतील अलाबामा राज्याने घालून दिला आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी 1966 साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. 1972 साली सिअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीसाठी त्या कॉर्डुरॉयचे उशांचे अभ्रे शिवू लागल्या. पगार सुरू झाला. पण नग एकसारखे हवेत म्हटल्यावर शिवताना सुचेल तसा तुकडा बसविण्याची मोकळीक त्या कामात कोठून राहणार? पुढे 2002 साली त्याच परिसरातील जीज बेंड गावच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत, शिवणारींच्या नावांसह, भिंतींवर लागल्या. आणि 2007 साली त्यांतील काही जणींना मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. पैसा आला तेव्हा हात बांधले गेले, कीर्ती आली तेव्हा पैशाचा हिशेब राहिला. दोन्ही एकत्र नांदावयास हवीत तर ती व्यवस्था जाणूनबुजून करावी लागते.

आपल्याकडे ती कोणी करावी? काही अंशी गिऱ्हाइकानेच. गोधडी विकत घेताना ती उलटी करून पाहावी. उलट बाजूचे टाके सुलट बाजूइतकेच सरळ आहेत काय, कोपरे चार वेळा धुतल्यावर टिकतील काय, आणि ती कोणी शिवली, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराला देता आले नाही, तर दिलेल्या किमतीतील किती भाग त्या हातांपर्यंत पोहोचला असेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. जुने कापड गिऱ्हाइकाचे, दोरा चार पैशांचा. किंमत जी काय असते ती बसून घालविलेल्या दिवसांची. मीटरवर वा वजनावर तिचा भाव काढणारा मनुष्य कवितेची किंमत कागदाच्या दराने करावयासही कमी करणार नाही.

आणि काही अंशी ही जबाबदारी लिहिणारांची आहे. गोधडीत माया नसते, असे माझे म्हणणे नाही. परंतु ती टाक्याटाक्यांतून, तासातासांनी आत गेलेली असते. टाका वगळून ती वर्णिता येत नाही. यापुढे ज्याला आजीच्या गोधडीवर लिहावयाचे असेल, त्याने आधी तिच्या कडेवरून बोट फिरवावे आणि एका वितीत टाके किती बसले आहेत ते मोजावे. मायेविषयी लिहावयास त्यानंतर पुष्कळ अवकाश आहे.