ओटीपोटावरची रेघ

मोबाइलवर ‘टमी टक’ शोधलं की फोटो जोडीनेच येतात. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. आधीच्या फोटोत उजेड वरून पडलेला, खांदे उतरलेले, पोट सुटलेलं. नंतरच्या फोटोत पाठ ताठ, उजेड समोरून, पोट सपाट. चेहरा दोन्हीत नसतो आणि नसावाच. पण दुसऱ्या फोटोत बहुतेक वेळा आणखी एक गोष्ट नसते: ऑपरेशनची रेघ. कधी ती चड्डीच्या काठाखाली जाते, कधी फोटोच तिच्या वर संपतो.

फोटोंची ही जोडी म्हणजे एक गोष्ट सांगण्याची पद्धत आहे, म्हणून तिची समीक्षाही करता येते. या गोष्टीत सुरुवात आहे, शेवट आहे, मधलं प्रकरण गायब आहे. कुठे कापलं, किती लांब कापलं, वर्षभराने तिथे काय दिसतं, हे त्या प्रकरणात असायला हवं होतं. वाचणाऱ्या बाईला निर्णय नेमका त्यावरच घ्यायचा असतो. सपाट पोट सगळ्यांनाच हवं असतं, त्यात ठरवण्यासारखं काही नाही. ठरवायचं असतं ते त्याच्या बदल्यात अंगावर कोणती रेघ घ्यायची हे.

हे प्रकरण न गाळलेलं एक चित्र आपल्याच भागात काढलं गेलं होतं. कावसजी हा मराठा बैलवाला १७९२च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर होता. तो टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिकत चित्रासकट छापली. मूळ चित्र जेम्स वेल्सचं. हा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात होता आणि वेरूळच्या लेण्यांची चित्रंही त्याने काढली आहेत. त्याच्या चित्रातला कावसजी सरळ समोर बघतो. नवं नाक दिसतं, आणि ज्या कपाळातून ते आलं तिथला वणही तितकाच स्पष्ट दिसतो. शेजारी कातडी कोणत्या आकारात कापली याची आकृती आहे. काय मिळालं आणि त्यासाठी काय दिलं, दोन्ही एकाच पानावर. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या पानाएवढा प्रामाणिकपणा आजच्या फोटोंमध्ये मला क्वचित सापडतो.

मधलं प्रकरण खरं तर समजायला अवघड नाही. टमी टकमध्ये सैल कातडी आणि तिच्याखालची चरबी काढतात, गरोदरपणात एकमेकांपासून दूर सरकलेले पोटाचे दोन उभे स्नायू टाक्यांनी जवळ आणतात आणि वरची कातडी खाली ओढून शिवतात. शिवण कुठे येणार हे कापड कुठून आणि किती काढायचं यावर ठरतं. ब्लाउज आल्टर करून घेतलेल्या कुणालाही हे कळेल.

फक्त बेंबीखाली थोडं सैल असेल तर सिझेरियनच्या रेघेहून जरा लांब अशी आडवी रेघ पुरते आणि बेंबी जशीच्या तशी राहते. याला ‘मिनी’ म्हणतात. बेंबीच्या वरही सैल असेल तर रेघ कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जाते. शिवाय बेंबीभोवती एक गोल वण येतो, कारण बेंबी आपल्या देठावर जागेवरच असते, भोवतालची कातडी खाली सरकते आणि बेंबीसाठी तिच्यात नवं भोक पाडावं लागतं. खूप वजन उतरवलेल्या माणसाची कातडी रुंदीतही सैल असते. तिथे आडव्या रेघेवर मधोमध उभी रेघ येते, उलट्या इंग्रजी टी अक्षरासारखी. पाठीकडेही सैल असेल तर रेघ कमरपट्ट्यासारखी अंगाभोवती फिरते.

यात एक हिशेब आहे आणि तो कुणालाच चुकत नाही. रेघ लहान हवी असेल तर कातडी कमी निघते. जास्त कातडी काढूनही रेघ लहान ठेवली तर टोकांना कातडीचे उंचवटे उरतात. ‘छोटासा छेद, मोठा बदल’ असं कुणी सांगत असेल तर कातडी किती निघणार हे आधी विचारावं.

रेघेचं वळण मात्र बरंचसं फॅशनने ठरवलं आहे. १८९९मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली या स्त्रीरोगतज्ज्ञाने लोंबत्या पोटावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा वण लपवणं हा मुद्दाच नव्हता. ओझं उतरवणं हा मुद्दा होता. १९६७मध्ये ब्राझीलच्या इव्हो पितांगीने रेघ खाली आणली. तोवर बिकिनी समुद्रकिनाऱ्यांवर रुळली होती. पुढे मांडीकडे उंच कापलेली बिकिनी आली तशी रेघेची टोकंही वर चढली. डब्ल्यू अक्षरासारखी, सायकलच्या हँडलसारखी, असे तिचे आकार निघाले. कपडा बदलला की रेघ सरकली.

याबद्दल माझी तक्रार नाही. वण कपड्याखाली जावा ही अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न इतकाच की कुणाच्या कपड्याखाली? मी कन्नडची. इथल्या बसस्टँडवर, आठवडी बाजारात, शेतात दिसणाऱ्या बायकांच्या आयुष्यात बिकिनी कधी आली नाही. तरी मराठीतली माहितीसुद्धा ‘बिकिनी लाइनमध्ये लपणारा छेद’ असंच सांगते. ज्या जागेबद्दल हे चाललंय तिला मराठीत स्वतःचं नाव आहे: ओटीपोट. पदरात नारळ-तांदूळ घेऊन ओटी भरतात ती हीच जागा. इतका नेमका शब्द घरात असताना जाहिरात समुद्रकिनाऱ्यावरून उसना आणते.

आणि हा नुसता शब्दांचा वाद नाही. बिकिनीत उघडं काय राहतं आणि साडीत काय, याचं गणितच वेगळं आहे. साडीत ओटीपोट झाकलेलं असतं, पण ब्लाउज आणि निऱ्यांच्या मधला पट्टा उघडा असतो. म्हणजे साडी नेसणारीला खालच्या आडव्या रेघेची चिंता कमी. तिचा दिसणारा वण म्हणजे बेंबीभोवतीचा गोल आणि उलट्या टीची उभी दांडी. जाहिरातीत यांचा उल्लेख सर्वांत शेवटी येतो. उलट, बिकिनीच्या हिशेबाने वर चढवलेली टोकं परकराच्या नाडीखाली येऊ शकतात. तिथे दिवसभर काच असतो, घाम असतो, सहा वार साडीचं वजन असतं. ही जागा किती सोसते याची कल्पना २०२४मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी मांडलेल्या दोन रुग्णांवरून येते. वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या नाडीच्या किंवा लुगड्याच्या काचाने कमरेवर जखम झाली, ती भरली नाही आणि तिथे कातडीचा कॅन्सर झाला. अशी प्रकरणं विरळ असतात, घाबरून जाण्याचं कारण नाही. पण ताजा वण नाडीखाली यावा की नाही, हा प्रश्न इथल्या बाईसाठी बिकिनीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

दुसरी गोष्ट अशी की इथली पोटं कोरी नसतात. सिझेरियनची आडवी किंवा जुन्या पद्धतीची उभी रेघ असते, कुटुंबनियोजनाची बोटभर खूण असते, आणि ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत मिटवलेलं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन असतं. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची आकडेवारी आली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. रेघ कुठे हवी हे त्यांतल्या कितीजणींना विचारलं गेलं असेल?

या जुन्या रेघा नव्या रेघेला वाट दाखवतात, कधी अडवतात. सिझेरियनचा खालचा वण बहुधा काढलेल्या कातडीबरोबर निघून जातो. मधोमध जुनी उभी रेघ असेल तर उलट्या टीची दांडी तिच्यावरूनच नेता येते. पण उजव्या बरगडीखाली पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनचा तिरका वण असेल तर जपावं लागतं. ओढून घेतलेल्या कातडीला रक्त वरून आणि बाजूंनी येतं, तो रस्ता तिथे आधीच कापलेला असतो, आणि खालची कातडी काळी पडू शकते. तंबाखूनेही हेच होतं. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे ‘नाही’ येणारच. ‘मशेरी लावता का?’ असं विचारलं तर खरं कळेल.

यावर एक सोपा पलटवार तयार असतो: पोट आहे तसं सुंदर आहे, कापायचंच कशाला? दाखला हवा असेल तर कन्नड तालुक्यातच आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांहून जुना, डोक्यावर पात्र, पोट सुटलेलं आणि चेहऱ्यावर मनमोकळं हसू. मला तो फार आवडतो. पण तो यक्ष आहे. त्याच्या घडीखाली घामाने पुरळ येत नाही, त्याला बाळंतपणानंतर वाकताना कंबर धरावी लागत नाही. ज्या बाईला हे रोज सोसावं लागतं तिला सौंदर्याचं प्रवचन देणं हीसुद्धा मधलं प्रकरण गाळलेली गोष्टच.

यक्षाकडून घ्यायचं ते वेगळं. त्याच्या हातावर अक्षरं कोरली आहेत: कान्हदास नावाच्या सोनाराने हे केलं. करणाऱ्याने आपलं काम अंगावर उघड लिहून ठेवलं आहे. टमी टकची रेघही तशीच सही असते, फरक इतकाच की ती जिवंत अंगावर राहते आणि दगडासारखी स्थिर नसते. पहिले काही महिने लाल किंवा काळपट असते, ताण पडला तर रुंदावते, वर सरकू शकते. ती निवायला वर्ष-दीड वर्ष लागतं. सावळ्या कातडीत ती गडद राहण्याचा आणि काहींमध्ये जाड होण्याचा संभव अधिक. कानाच्या भोकाला किंवा जुन्या टाक्यांना गाठ आली असेल तर ते आधीच सांगायला हवं.

म्हणून ‘आधी-नंतर’चे फोटो दाखवणाऱ्याकडे तिसरा फोटो मागावा: वर्षानंतरचा, कपड्याशिवायच्या रेघेचा, आपल्यासारख्या रंगाच्या कातडीवरचा. ऑपरेशनआधी डॉक्टर रुग्णाला उभं करून पेनाने खुणा करतात. त्या दिवशी रोजचा परकर सोबत न्यावा, नेहमी बांधतो तिथेच नाडी बांधावी, आणि पेन टेकण्याआधी ती जागा दाखवावी. बहुतेकींच्या कमरेवर नाडीने काळसर रेघ आधीच काढलेली असते. नवी रेघ ती बघूनच आखली पाहिजे.