जोर्वे मृत्पात्रे

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन चित्रित मृत्पात्रांचा एक प्रमुख प्रकार (सु. इ. स. पू. १४००–१०००). प्रवरेकाठच्या जोर्वे (ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर) येथे ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०–५१ मध्ये केलेल्या उत्खननावरून हे नाव रूढ झाले. नेवासे, दायमाबाद, इनामगाव येथेही ती विपुल आढळली.

ही भांडी चाकावर घडविलेली, पातळ व उत्तम भाजलेली असून टिचकी मारल्यास धातूसारखा नाद देतात. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगात समांतर रेषा, जाळ्या, त्रिकोण, चौकटी असे भौमितिक आकृतिबंध आढळतात, प्राणिचित्रे क्वचितच. त्यामुळे ग्रीक कलशचित्रांशी तुलना करून त्यांना गौण ठरविण्याचा मोह होतो; पण ही कसोटी सदोष होय. एक्सीकिअसच्या इ. स. पू. सहाव्या शतकातील कुंभावर अकिलीझ व एजॅक्स पटावर खेळताना दिसतात. तेथे पात्र कथेचे वाहन बनते. उलट, जोर्वे वाडग्याच्या कुशीवर कोन असतो व नक्षी बहुधा त्याच्या वरच असते. तोटीच्या भांड्यांवरही ती वरच्या भागातच आढळते. म्हणजे येथे रेषा आकाराला उठाव देते. खरी तुलना करावयाची, तर ती ग्रीकांच्या भौमितिक शैलीशी (सु. इ. स. पू. ९००–७००) करावी लागेल. ती शैली बहुधा सारा पृष्ठभाग नक्षीने भरते. जोर्वे कुंभार मोकळी जागा राखतो.

आकृतिबंधांची पुनरावृत्ती ही या शैलीची मर्यादा. उत्तर जोर्वे काळात (सु. इ. स. पू. १०००–७००) इनामगाव येथे भांड्यांचा पोत भरड झाला आणि चित्रणही रोडावले. तरीही रोजच्या वापरातील भांड्याला लाभलेला हा रेषेचा संयम कला म्हणूनच मोजला पाहिजे.