‘रीसेट’ : संशयाकडून करुणेकडे

‘रीसेट’ ह्या १५ भागांच्या चिनी मालिकेत (२०२२) बसमधील स्फोट पुनःपुन्हा घडतो. त्याची स्मृती मात्र एक विद्यार्थिनी आणि एक तरुण ह्या दोघांनाच राहते. पुनरावृत्तीने उत्कंठा क्षीण व्हावी. येथे उलट घडते. प्रत्येक फेरीत एखादा उतारू संशयित ठरतो आणि त्याचे दुःख कळताच प्रेक्षकाला स्वतःच्याच संशयाची लाज वाटते. अपराधी कोण, हे शेवटापूर्वीच उघड होते; मग ‘का?’ हा प्रश्न उरतो. कन्येच्या मृत्यूने पोळलेले मातापिता दिसताच भयाची जागा करुणा घेते. नायक-नायिकेचे प्रेमही ह्या सामायिक स्मृतीतूनच उमलते. म्हणून ते उपरे वाटत नाही. क्वचित भावविवशता डोकावते. तथापि अपराध क्षम्य न ठरविता अपराध्याचे दुःख जाणवून देणे, हेच ह्या कृतीचे खरे यश होय.