धवलारणीचा चित्रपट कोण काढणार?

अमेरिकेत गावरान गाणं गाणाऱ्यांवर चित्रपट काढायचा एक साचाच पडून गेला आहे. लॉरेटा लिनच्या आयुष्यावरचा 'कोल मायनर्स डॉटर' 1980 साली आला, त्यासाठी सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं. पुढच्याच वर्षी सीबीएस वाहिनीने टॅमी वायनेटच्या आत्मचरित्रावरून 'स्टँड बाय युअर मॅन' हा खास टीव्हीसाठीचा चित्रपट दाखवला. गरिबीतलं बालपण, कोवळ्या वयातलं लग्न, रेडिओवर वाजलेलं पहिलं गाणं, मग नाव, पैसा, भांडणं, कोसळणं आणि पुन्हा मंचावर उभं राहणं, असा हा ठरलेला रस्ता. टीव्हीसाठी काढलेले असे चित्रपट थोर क्वचितच असतात. पण त्यांना भव्य सेट परवडत नाहीत, त्यामुळे कॅमेरा नाइलाजाने स्वयंपाकघरात शिरतो आणि गाणारी बाई गात नसताना काय करते हे दिसतं. हा फायदा लहान नाही.

आपल्याकडे मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर गाणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. अलिबाग, पेण, उरणची आगरी-कोळी गाणी आज विदर्भातल्या वरातीतही वाजतात. तरीही या किनाऱ्यावरच्या गायिकेच्या आयुष्यावरचा, लक्षात राहावा असा एक चित्रपट किंवा एक टेलिफिल्म मराठीत दाखवता येत नाही. पडद्याला किनारा हवा असतो तो पार्श्वभूमीला. होड्या, नारळ, लुगडं नेसलेली, टोपलीवाली एक ठसकेबाज बाई आणि दर वाक्याला 'गो' एवढं जमलं की मालिकांचं काम भागतं.

मराठी पडद्याला लोकगायकाचं वावडं आहे असं मात्र नाही. उलट हा आपला जुना आणि चांगला चाललेला प्रकार आहे. 1947 सालचा 'लोकशाहीर राम जोशी' जयराम शिलेदारांच्या गळ्यावर आणि हंसा वाडकरांच्या ठसक्यावर उभा राहिला. 1951 साली व्ही. शांतारामांनी होनाजी बाळावर 'अमर भूपाळी' काढला, तो पुढे कान महोत्सवापर्यंत गेला. दोन्हींना संगीत वसंत देसाईंचं. यातून जो नमुना ठरला तो अजून हललेला नाही: गायक पुरुष, काळ पेशवाईचा किंवा तमाशाच्या फडाचा, आणि संघर्ष प्रतिभा विरुद्ध प्रतिष्ठा असा. 2010 चा 'नटरंग' त्याच वाटेने गेला, अर्थात जास्त धीटपणे. केदार शिंदे यांनी आपल्या आजोबांवर, शाहीर साबळ्यांवर काढलेला 'महाराष्ट्र शाहीर' 2023 साली, साबळ्यांच्या जन्मशताब्दी वर्षात आला. अंकुश चौधरीने मेहनत केली आहे, अजय-अतुलचं संगीत कानात राहतं. पण चित्रपट नातवाच्या मायेने काढलेला आहे हे क्षणभरही विसरू देत नाही. घटना एकामागून एक येतात आणि हार घालून निघून जातात.

या नमुन्यात किनाऱ्यावरची गायिका बसत नाही, कारण तिला 'कारकीर्द' नाही. धवलारणीचंच बघा. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, लागतात. अनेक घरांत एकेकाळी भटजी नव्हताच, तीच लग्न लावायची. बहुधा वय झालेली बाई, सोबत साथ धरणारी दुसरी. पेटी नाही, तबला नाही. एकीने ओळ सोडायची, दुसरीने झेलायची आणि शेवटचा स्वर दोघींनी लांबवायचा. कोणत्या क्षणी कोणता धवला हे ठरलेलं, चुकलं तर मांडवातल्या म्हाताऱ्या तिथल्या तिथे टोकणार. तिच्या गाण्यावर टाळ्या पडत नाहीत, कारण ते ऐकायला कोणी बसलेलंच नसतं. कोणी हळद वाटतंय, कोणी पाहुण्यांची पानं मांडतंय, आणि ती गातेय. गाणं थांबलं तर मात्र विधी थांबतो. अशा बाईचा उदय कुठे दाखवायचा आणि अस्त कुठे? नेहमीचा पटकथाकार इथे पेन खाली ठेवतो.

कोळीगीतांचं थोडं वेगळं झालं. ती गाजली, पण गाणाऱ्यांच्या हातून निसटून गाजली. 'मी डोलकर' हे महाराष्ट्राला सर्वांत ओळखीचं कोळीगीत शांता शेळक्यांनी लिहिलं, हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलं आणि लताबाई व हेमंतकुमार यांनी गायलं. गाणं उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण भरतीच्या धारेत डोल लावून बसणारा, ओढ कमी झाली की बोंबील-जवळ्याने भरलेलं जाळं खेचणारा डोलकर कसा गात असेल याची आपली कल्पना स्टुडिओत तयार झाली, आणि पुढे पडद्याने तीच प्रमाण मानली. कॅसेट आणि सीडीच्या काळात किनाऱ्यावरच्या पोरांनी स्वतःची गाणी स्वतः काढली, ही त्या मानाने मोठी गोष्ट. त्यांतली बरीचशी भडक असतील, पण निदान बोली खरी होती. या धंद्याची, त्यातल्या गल्लीतल्या स्टारांची गोष्ट कोणाला सुचली नाही. रवी जाधवांनी 2016 साली 'बँजो' काढला तो हिंदीत, मुंबईच्या वस्तीतला, आणि त्यातल्या वादकाचं मोल पटवून द्यायला न्यूयॉर्कहून नायिका आणावी लागली.

या सगळ्यात एक अपवाद आहे, आणि तो रायगडातलाच आहे. जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत', गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. किनाऱ्यावरचा नव्हे, कर्नाळ्याच्या आसपासच्या ठाकरांचा. पण इथल्या गाण्याला चित्रपटात कसं आणावं हा प्रश्न सुटलेला मला तिथेच दिसतो. नाग्या भगताचा पोर, ढोल वाजवणारा. चिंधी नवरा सोडून आलेली. लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणी माशीने नाग्याचा डोळा घेतला, तिचा सूड हे कथानक. इथे गाणं कोणाच्या यशाची पायरी होत नाही. ते गोष्ट सांगतं, टिंगल करतं, इशारा देतं, आणि वाडीतली सगळी माणसं मिळून ते गातात. म्हणून नाग्याला 'कलावंत' ठरवायची गरजच पडत नाही. महानोरांचे शब्द, हृदयनाथांच्या चाली, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील ही सगळी शहाणी, शहरी माणसं होती हे खरं, आणि ते ऐकूही येतं. तरी रचना त्यांनी ठाकरांच्या गाण्याकडून घेतली, मुंबईच्या सिनेमाकडून नाही.

दुसरी वाट चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ने दाखवली. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे मोजकंच गातो. त्याच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा आरोप त्याच्यावर ठेवला जातो आणि चित्रपट तारखांमागून तारखा मोजत राहतो. कॅमेरा लांब, एका जागी, जवळजवळ कंटाळा येईल इतका स्थिर. गायकाच्या जीवनपटाला लागणारी सगळी फोडणी काढून टाकली तरी गायक उभा राहतो, किंबहुना तेव्हाच राहतो. ती भूमिका वीरा साथीदारांनी केली, जे स्वतः चळवळीतले होते. त्यांचा आवाज कसलेला नाही, पण गाणं कोणाचं आहे याबद्दल शंका उरत नाही.

आणि छोटा पडदा? मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं आणि पुढची बरीच वर्षं टेलिफिल्म नावाचा प्रकार तिथे नांदला: एक गोष्ट, थोडी माणसं, तास-दोन तासांत विषय संपला. खासगी वाहिन्या आल्या आणि रोजच्या मालिकेने तो गिळला. झी मराठीच्या 'सावळ्याची जणू सावली'त सावळ्या रंगाची, गोड गळ्याची मुलगी दुसरीसाठी पडद्याआड गाते. कल्पना चांगली आहे, दीड तासात तिचं सोनं झालं असतं. शेकडो भागांत ताणल्यावर गाणं मागे पडतं आणि सासर पुढे येतं.

मला तर वाटतं की किनाऱ्याची गाणी टेलिफिल्मच्याच मापाची आहेत. एक लग्न, तीन दिवस, एक धवलारीण: पटकथा विधींनीच बांधून दिलेली आहे. दक्षिण रायगडात आणखी एक तयार माल पडला आहे, शक्ती-तुऱ्याचा. दोन पक्षांचे शाहीर समोरासमोर, रात्रभर सवाल-जबाब, पुराणातल्या कोड्यांवरून थेट वैयक्तिक टोमण्यांपर्यंत. दिवसा मुंबईत नोकरी करणारा माणूस रात्री तिथल्याच एखाद्या नाट्यगृहात बुवा म्हणून गाजतो आणि गणपतीला गावी येऊन पुन्हा बारी रंगवतो. याहून जास्त नाट्य पटकथाकाराला काय लागतं मला कळत नाही.

अडचण पैशाची कमी आणि आवाजाची जास्त आहे. धवलारणीचा आवाज पेटीच्या पट्टीत बसत नाही, तो चिरका असतो, श्वास मध्येच तुटतो. वाहिनीतला माणूस पहिल्याच बैठकीत पार्श्वगायिकेचं नाव सुचवणार, आणि तिथेच चित्रपट मरणार. कोणाला खरंच काढायचा असेल तर त्याने अंधेरीत ऑडिशन लावू नयेत. मे महिन्यात पेण-अलिबाग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीचे मांडव असतात. तिथे संध्याकाळी जावं, बेंजो पार्टीचा टेम्पो यायच्या आत.