गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे टप्पे आणि सार्वजनिक संदर्भलेख : एक चिकित्सा

प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. निदान झाल्यावर नातेवाईक डॉक्टरांना बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो ‘कितवी स्टेज?’ हाच. मिळालेल्या आकड्याचा अर्थ शोधण्यासाठी घरातील शिकलेला मुलगा वा मुलगी महाजालावरील मुक्त ज्ञानकोशाकडे वळते. विद्यार्थी, पत्रकार आणि अन्य विषयांचे प्राध्यापकही तेथेच जातात. म्हणून अशा संदर्भलेखाची चिकित्सा हा केवळ वैद्यकाचा प्रश्न राहत नाही. तो ज्ञानव्यवहाराचाही प्रश्न ठरतो. टप्प्यांचा तक्ता अचूक उतरवून घेतला तरी संदर्भलेख अचूक होत नाही. टप्पा कोणत्या वर्षीच्या व्याख्येनुसार आणि कोणत्या तपासणीवरून ठरला हे सांगितले तरच तो वाचकाच्या उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वर्गीकरणामागील हेतू

या वर्गीकरणाचा उगम राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात आहे. त्या काळी युरोपातील निरनिराळ्या केंद्रांत रेडियमने उपचार होत असत. त्यांच्या निष्कर्षांची तुलना करायची तर रुग्णांची विभागणी सर्वत्र एकाच पद्धतीने होणे आवश्यक होते. पुढे १९५४ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिगो’ने, हे काम आपल्याकडे घेतले.

हा इतिहास वगळला की वर्गीकरणाचे नियम अनाकलनीय वाटू लागतात. शंका असल्यास खालचा टप्पा धरावा, आणि एकदा निश्चित केलेला टप्पा रोग पुढे बळावला तरी बदलू नये, हे ते दोन नियम. तुलना हा हेतू ध्यानात घेतला तर दोन्ही सयुक्तिक ठरतात. वर्गीकरण दीर्घकाळ मुख्यतः हाताने केलेल्या तपासणीवर आधारलेले होते, त्याचेही कारण हेच. हा रोग गरीब देशांत अधिक आढळतो. महागड्या यंत्रांवर अवलंबून असलेली विभागणी तेथे निरुपयोगी ठरली असती. नुसता तक्ता देणारा लेख हे काहीच सांगत नाही.

२०१८ मधील सुधारणा

‘फिगो’ने २०१८ मध्ये हे वर्गीकरण बदलले. या सुधारणेच्या निबंधाच्या पहिल्या लेखिका दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. नीरजा भाटला या होत, ही भारतीय वाचकाला आवर्जून सांगावी अशी बाब आहे. टप्प्यांची मूळ चौकट तशीच राहिली. पहिल्या टप्प्यात रोग गर्भाशयमुखापुरता मर्यादित असतो. दुसऱ्यात तो गर्भाशयाबाहेर जातो, परंतु योनीचा खालचा एक तृतीयांश भाग वा श्रोणीची भिंत गाठत नाही. तिसऱ्यात तो तेथे पोहोचतो किंवा मूत्रवाहिनीवर दाब आणून मूत्रपिंडाला बाधा करतो. चौथ्यात तो मूत्राशय वा गुदाशयाच्या अंतःत्वचेत शिरतो अथवा दूरच्या अवयवांत पसरतो.

महत्त्वाचे बदल चार आहेत. पहिला, सूक्ष्म अवस्थेतील गाठीची रुंदी विचारात घेणे बंद झाले व केवळ खोली उरली. दुसरा, गर्भाशयमुखापुरत्या मर्यादित गाठींचे २ व ४ सेंटिमीटर या मर्यादांवर तीन उपटप्पे झाले. पूर्वी ४ सेंटिमीटरवर दोनच होते. तिसरा, श्रोणीतील वा महारोहिणीलगतच्या लसीकाग्रंथींत रोग आढळल्यास, मूळ गाठ कितीही लहान असली तरी, ३-सी हा टप्पा दिला जाऊ लागला. चौथा, जेथे उपलब्ध असतील तेथे सीटी स्कॅन, एमआरआय आणि ऊतितपासणी यांचे निष्कर्ष टप्पा ठरवताना ग्राह्य धरले गेले. ग्रंथींतील रोग स्कॅनवरून ठरवला असल्यास ‘आर’ आणि ऊतितपासणीवरून ठरवला असल्यास ‘पी’ हे अक्षर जोडावयाचे असते. या निबंधाचे शुद्धिपत्र २०१९ मध्ये निघाले. म्हणून मूळ तक्ता जसाच्या तसा उद्धृत करणेही पुरेसे नाही.

एकच नाव, दोन अर्थ

येथे संदर्भलेखाची खरी कसोटी लागते. गाठ तीन सेंटिमीटरची असेल तर २०१८ पूर्वी तिचा उपटप्पा १-बी-१ होता. आज तो १-बी-२ आहे. ‘१-बी-२’ या नावाचा पूर्वीचा अर्थ मात्र चार सेंटिमीटरहून मोठी गाठ असा होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ६३५ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत आधी रसायनोपचार देऊन मग शस्त्रक्रिया करणे आणि किरणोपचारासोबत रसायनोपचार देणे या दोन पद्धतींची तुलना झाली. पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण पहिल्या पद्धतीत ६९.३ टक्के, तर दुसऱ्या पद्धतीत ७६.७ टक्के आढळले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीतील ‘१-बी-२’ हा जुन्या व्याख्येतला आहे. नवा तक्ता शेजारी ठेवून तिचा निष्कर्ष वाचणारा तीन सेंटिमीटरच्या गाठीलाही तो लागू करील, आणि ही चूक त्याच्या लक्षातही येणार नाही.

तिसऱ्या टप्प्याबाबत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. गाठ लहान पण एमआरआयमध्ये श्रोणीतील एक ग्रंथी बाधित दिसते, अशा स्त्रीचा रोग पूर्वी पहिल्या टप्प्यात गणला जाई. ग्रंथीची नोंद वेगळी होत असे. आज तिच्या कागदावर ३-सी-१ येते. ज्या रुग्णालयात एमआरआय नाही तेथे तोच रोग अजूनही पहिल्याच टप्प्यात राहू शकतो. रोगात फरक नाही. फरक व्याख्येत आणि यंत्रसामग्रीत आहे. ‘तिसरी म्हणजे शेवटाला आलेली’ असे समजणाऱ्या घरात या फरकाची किंमत मोठी असते. उपचार अर्धवट सोडण्याचा निर्णयही अशा समजुतीतून होऊ शकतो.

संख्याशास्त्रीय परिणामही दुर्लक्षणीय नाही. पहिल्या टप्प्यातून ग्रंथीबाधित रुग्ण बाहेर गेले की उरलेल्यांचे जगण्याचे प्रमाण सुधारलेले दिसते. ग्रंथीबाधा असली तरी गाठ लहान असलेले हे रुग्ण तिसऱ्यात आले की तिसऱ्याचेही प्रमाण सुधारू शकते. प्रत्यक्षात एकही जीव अधिक वाचलेला नसतो. फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हा आभास विशद केला होता.

महाराष्ट्रातील एका गाजलेल्या अभ्यासावरून टप्प्याच्या व्याख्येचे सार्वजनिक महत्त्व स्पष्ट होते. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दुसऱ्या व त्यापुढील टप्प्यांतील रोग एचपीव्ही चाचणीच्या गटात ३९ जणींत, तर तुलनागटात ८२ जणींत आढळला. आज अशीच मोजणी करायची तर ग्रंथीबाधित लहान गाठी कोठे धरल्या हे आधी सांगावे लागेल.

परिभाषेची अडचण

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण येते. टप्पा, अवस्था, पायरी, श्रेणी हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात. वस्तुतः श्रेणी ही सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात यावरून ठरते, तर टप्पा रोग किती पसरला यावरून. त्यातच कर्करोगपूर्व बदलांनाही ‘सीआयएन’ १, २, ३ असे क्रमांक असतात. ‘सीआयएन ३’ हा वाचकाला तिसरा टप्पा वाटू शकतो. प्रत्यक्षात तो पूर्वी शून्य टप्प्यात मोडत असे, आणि ‘फिगो’ने २००९ मध्ये शून्य टप्पाच रद्द केला. संदर्भलेखाने हा भेद आरंभीच्या परिच्छेदात करणे अत्यावश्यक आहे.

निष्कर्ष

सामान्य वाचकासाठीचा लेख सोपा असावा, एवढा तपशील त्याला पेलणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु वर्ष वगळून आलेला सोपेपणा वाचकाला चुकीच्या ठिकाणी नेतो. सुधारणेसाठी पुढील पथ्ये पुरेशी ठरावीत : प्रत्येक तक्त्यावर आवृत्तीचे वर्ष द्यावे, जुन्या व नव्या उपटप्प्यांचा मेळ दाखवावा, जगण्याच्या प्रमाणाचा आकडा कोणत्या काळातील व कोणत्या व्याख्येनुसार आहे ते सांगितल्याशिवाय देऊ नये, टप्पा आणि श्रेणी यांसाठी एकेकच शब्द ठरवून तोच सर्वत्र वापरावा.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. छापील नोंद कालबाह्य झाली तरी तिच्यावर प्रकाशनवर्ष असते व वाचक त्या मानाने ती वाचतो. मुक्त ज्ञानकोशातील लेख मात्र नेहमी आजचाच भासतो, आणि त्यात एक परिच्छेद नवा व दुसरा जुना असू शकतो. ही विसंगती शोधण्यासाठी वैद्यकाबरोबरच संख्याशास्त्र आणि भाषा या विषयांच्या अध्यापकांचीही गरज आहे. हे तिन्ही विषय ज्या परिसरात शिकवले जातात, तेथील अध्यापकांनी हे काम विद्यापीठीय संशोधनाच्याच गांभीर्याने हाती घ्यावे.